वारंवार बंद पडणारा जुना संगणक : दोष शोधण्याची रीत

शाळेतील संगणक काम करता करता थिजला, त्याचा पडदा एकाएकी निळा झाला किंवा यंत्र आपोआप बंद पडून पुन्हा सुरू झाले, म्हणजे बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते. कोणी जाणकार येईपर्यंत त्यावर आच्छादन घातले जाते; नाहीतर ‘यंत्र जुने झाले’ असा शेरा मारून जडवस्तू नोंदवहीतून ते कमी करण्याचा प्रस्ताव तयार होतो. दोन्ही प्रसंगी नुकसान विद्यार्थ्यांचेच होते. ज्या गावात मुलांना हाताळावयास मिळणारा संगणक तो एकच असतो, तेथे एखाद्या सैल जोडणीपायी सबंध वर्ग त्या साधनास मुकतो. वास्तविक जुनेपणा हा स्वतः दोष नव्हे. तो दोषांना वाव देतो, एवढेच. प्रत्येक बिघाडास निश्चित कारण असते आणि क्रमाने पाहत गेल्यास ते बहुतेक वेळा शिक्षकासही सापडू शकते.

प्रथम नोंद

या कामास आरंभ नोंदवहीने करावा. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ९ सप्टेंबर १९४७ रोजी ‘मार्क २’ हा संगणक चुकू लागला, तेव्हा तंत्रज्ञांना एका रिलेत अडकलेला पतंग सापडला. त्यांनी तो कीटक फेकून न देता नोंदवहीच्या पानावर चिकटविला आणि त्याखाली रिलेचा क्रमांक लिहून ठेवला. ते पान आजही अमेरिकेतील संग्रहालयात जतन केलेले आहे. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकात सुमारे २७०० निर्वात नलिका होत्या. तेवढ्या पसाऱ्यात एक सदोष नलिका हुडकावयाची, तर शिस्तीवाचून गत्यंतर नव्हते. शाळेच्या संगणकात सुटे करून तपासता येण्याजोगे भाग जेमतेम आठ-दहा असतात. रीत मात्र तीच लागते.

यंत्र बंद पडेल तेव्हा तारीख, वेळ, सुरू केल्यापासून गेलेली मिनिटे, त्या वेळी चाललेले काम, पडद्यावर उमटलेला संदेश, पंख्याचा आवाज आणि विजेची स्थिती या गोष्टी लिहून ठेवाव्यात. अशा सात-आठ नोंदी झाल्या की दोषाचे वळण दिसू लागते. दुपारी लवकर व सकाळी उशिरा यंत्र बंद पडत असेल, तर उष्णतेकडे लक्ष जाते. जवळचा पाण्याचा पंप सुरू होताच ते बंद पडत असेल, तर वीजपुरवठ्याचा संशय घ्यावा. फाइल उघडताना आतून टकटक आवाज येऊन यंत्र थिजत असेल, तर हार्ड डिस्क तपासावी. एकाच कार्यक्रमात अडखळत असेल, तर यंत्रापेक्षा त्या कार्यक्रमातच दोष असण्याचा संभव अधिक. प्रत्येक वेळी घड्याळ व तारीख मागे जात असल्यास मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा ३ व्होल्टचा सेल संपला आहे असे समजावे.

हवा, धूळ आणि यंत्राचा पूर्वेतिहास

यंत्र कोठे राहिले आहे यावरही त्याचे दुखणे अवलंबून असते. मुंबई उपनगरातील वाकोला हे याचे बोलके उदाहरण होय. सांताक्रूझच्या पूर्वेस, पश्चिम द्रुतगती महामार्गालगत व विद्यापीठाच्या कालिना आवाराजवळ ही दाट वस्ती आहे. समुद्राकडील दमट, खारी हवा आणि रहदारीची धूळ या दोहोंचा तेथे संगम होतो. कोरडी धूळ फुंकरीने उडते. ओल धरलेली धूळ पंख्याच्या पात्यांना व प्रोसेसरवरील धातूच्या पट्ट्यांना लेपासारखी चिकटते आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. खाऱ्या हवेने जोडणीच्या पृष्ठभागांवर गंज चढतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मिठी नदीच्या व तिला मिळणाऱ्या वाकोला नाल्याच्या काठचा सखल भाग पाण्याखाली गेला. अशा पाण्यात भिजलेले यंत्र वाळविल्यावर चालू झाले, तरी आत राहिलेले क्षार पुढे कित्येक महिन्यांनी दोष उत्पन्न करू शकतात.

खेड्यातील शिक्षकास या माहितीचा उपयोग असा की, शहरातील कार्यालयांतून निघालेले संगणक अनेकदा देणगीरूपाने शाळांकडे येतात. म्हणून यंत्र कोठून आले व तेथे किती वर्षे वापरले गेले, हे नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहावे. किनाऱ्याकडून आलेल्या यंत्राच्या जोडण्या आधी पाहाव्यात. विदर्भात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या यंत्राच्या बाबतीत पंखा आधी पाहावा.

तपासणीचा क्रम

सर्वांआधी निकालपत्रके, पत्रव्यवहार व मुलांचे काम पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे. यंत्र पुन्हा विकत घेता येते; हरवलेली नोंद मिळत नाही. आवरण उघडण्यापूर्वी वीजजोडणी भिंतीपासून काढावी आणि हात पेटीच्या धातूस लावून अंगातील स्थिर वीज घालवावी. वीज पुरविणारी आतील पेटी, म्हणजे एसएमपीएस, शिक्षकाने कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यात प्राणघातक विद्युत्दाब काही काळ टिकून राहतो.

पहिली तपासणी विजेची. प्लग सैल आहे काय, अर्थिंग आहे काय, यूपीएसची बॅटरी जीर्ण झाली आहे काय, हे पाहावे. दुसरी उष्णतेची. मऊ कुंचल्याने धूळ काढावी, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी आणि नंतर यंत्र सुरू करून पंखा मोकळेपणी फिरतो याची खात्री करावी. प्रोसेसर फार तापला म्हणजे स्वतःस वाचविण्यासाठी यंत्र बंद करतो. अशा वेळी ते बंद पडणे हा बिघाड नसून इशारा असतो. प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलण्याचे काम मात्र माहीतगारावर सोपवावे.

तिसरी तपासणी रॅमची. तिच्या पट्ट्या काढून सोनेरी कडा मऊ खोडरबराने हलकेच पुसाव्यात, कण झटकावेत व पट्ट्या पुन्हा घट्ट बसवाव्यात. दोन पट्ट्या असल्यास एकेक लावून यंत्र चालवून पाहावे. विंडोजमध्येच असलेली मेमरी डायग्नोस्टिक ही चाचणीही करावी. चौथी तपासणी हार्ड डिस्कची. तिच्या तारा नीट बसवूनही लक्षणे कायम राहिल्यास डिस्क बदलणे शहाणपणाचे.

पाचवी तपासणी कार्यप्रणालीची. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये बिघाडाच्या वेळेच्या नोंदी मिळतात. त्यात ‘कर्नेल-पॉवर ४१’ एवढेच दिसल्यास यंत्र रीतसर बंद झाले नव्हते इतकाच बोध घ्यावा. कारण तेथे सांगितलेले नसते. येथे एक सोपी कसोटी उपयोगी पडते. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून यंत्र तासभर चालवावे. तरीही ते बंद पडले, तर दोष बहुधा यंत्रात आहे. न पडले, तर विंडोज, तिचे ड्रायव्हर किंवा हार्ड डिस्क यांचा संशय बळावतो. विंडोज १० साठीच्या सर्वसाधारण मोफत सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, परंतु तेवढ्याने कोणतेही यंत्र बंद पडू लागत नाही. हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत.

या सर्व क्रमात एक नियम मोडू नये : एका वेळी एकच बदल करावा आणि त्यानंतर दोन-तीन दिवस यंत्र नेहमीसारखे वापरावे. धूळ काढली, रॅम बदलली आणि विंडोजही नव्याने घातली, असे एकाच दुपारी केल्यास यंत्र कदाचित सुधारेल. परंतु दोष कशात होता ते कळणार नाही आणि तो परतला म्हणजे पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागेल.

तंत्रज्ञ व निर्लेखन

एवढे करूनही दोष राहिला, किंवा मदरबोर्डवरील दंडगोलाकार कपॅसिटर वरून फुगलेले दिसले, तर तंत्रज्ञास बोलवावे व त्याच्यापुढे नोंदवही ठेवावी. काय तपासून झाले हे त्यास कळते, त्याचा वेळ वाचतो आणि अकारण भाग बदलण्याचे देयक शाळेच्या माथी येत नाही. दुरुस्तीचा खर्च खरोखरच अवाजवी असेल, तर निर्लेखनाच्या प्रस्तावास हीच नोंदवही पुरावा म्हणून जोडता येते. निकामी यंत्र भंगारवाल्यास देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडेच जावयास हवे. तत्पूर्वी डिस्कवरील विद्यार्थ्यांची माहिती कायमची नष्ट करावी.

ही नोंदवही वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून पाळीपाळीने लिहवून घेणे इष्ट. निरीक्षण करणे, अनुमान बांधणे आणि एकेक शक्यता वगळत जाणे, हे विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातून शिकविले जातेच; बिघडलेल्या संगणकासमोर मुले ते प्रत्यक्ष करून पाहतात. यंत्र दुरुस्त झाले तर शाळेस साधन परत मिळते. न झाले तरी कारण न शोधता कोणतीही वस्तू टाकून देऊ नये, हा धडा मुलांच्या पदरी पडतो.