तिजोरीची किल्ली कोणत्या सभागृहाकडे?

संसदीय शासनपद्धती आणि संघराज्य या दोन कल्पना एकाच राज्यघटनेत सुखाने नांदतात असे सहसा गृहीत धरले जाते. वस्तुतः दोघींची मागणी वेगवेगळी असते. संसदीय पद्धतीत मंत्रिमंडळ लोकांनी थेट निवडलेल्या कनिष्ठ सभागृहाला जबाबदार असते, म्हणजे त्या सभागृहाचा विश्वास असेपर्यंतच ते सत्तेवर राहू शकते. संघराज्याला मात्र घटक राज्यांची बाजू मांडणारे दुसरे सभागृह हवे असते, आणि त्याच्या शब्दाला वजन यायचे तर त्याच्या हाती काही खरे अधिकार द्यावे लागतात. ते किती द्यावेत, या प्रश्नाची परीक्षा ऑस्ट्रेलियात १९७५ साली झाली.

१ जानेवारी १९०१ रोजी सहा वसाहतींचे मिळून ऑस्ट्रेलियाचे संघराज्य अस्तित्वात आले. प्रतिनिधिगृह हे कनिष्ठ सभागृह आणि मंत्रिमंडळ ब्रिटिश वळणाचे ठेवले गेले, तर सिनेट या वरिष्ठ सभागृहात, अमेरिकेचा कित्ता गिरवत, चिमुकल्या टास्मानियाला आणि सर्वांत जास्त लोकसंख्येच्या न्यू साउथ वेल्सला सारख्याच जागा मिळाल्या. राज्यघटनेच्या ५३व्या कलमानुसार सरकारच्या वार्षिक खर्चाच्या विधेयकात सिनेटला दुरुस्ती करता येत नाही, पण ते फेटाळण्यास मज्जाव नाही. जणू स्वयंपाकात मीठ घालायची परवानगी नाही, पण ताट परत पाठवायची आहे. त्याच राज्यघटनेत ‘पंतप्रधान’ हा शब्दही नाही, कारण तो भाग संकेतांवर, म्हणजे कायद्यात न लिहिलेल्या पण सर्वांनी पाळायच्या प्रथांवर, सोडून देण्यात आला होता.

ऑक्टोबर १९७५ मध्ये माल्कम फ्रेझर यांच्या नेतृत्वाखालील विरोधी पक्षांनी सिनेटमधील संख्याबळावर खर्चाची विधेयके रोखून धरली. हे संख्याबळही निर्विवाद नव्हते, कारण सत्ताधारी मजूर पक्षाच्या रिकाम्या झालेल्या दोन जागांवर त्या पक्षाने सुचवलेले सदस्य न नेमण्याचा निर्णय दोन राज्यांनी संकेत मोडून घेतला होता. प्रतिनिधिगृहात बहुमत असलेले पंतप्रधान गॉफ व्हिटलॅम हटेनात आणि सिनेट नमेना. अखेर ११ नोव्हेंबरला राजसत्तेचे प्रतिनिधी असलेले गव्हर्नर जनरल जॉन केर यांनी व्हिटलॅम यांना बडतर्फ करून फ्रेझर यांना काळजीवाहू पंतप्रधान नेमले. त्याच दुपारी सिनेटने विधेयके तातडीने मंजूर केली, तर प्रतिनिधिगृहाने फ्रेझर यांच्यावर ६४ विरुद्ध ५४ मतांनी अविश्वास दाखवला. परंतु तो ठराव अर्थशून्य ठरला, कारण दोन्ही सभागृहे विसर्जित झाली. डिसेंबरच्या निवडणुकीत फ्रेझर मोठ्या बहुमताने विजयी झाले, म्हणून बडतर्फी योग्य होती असे मात्र सिद्ध होत नाही. पुढे १९७७ च्या सार्वमताने रिकाम्या जागी आधीच्या सदस्याच्याच पक्षाचा सदस्य नेमणे राज्यघटनेतच बंधनकारक केले. खर्च रोखण्याचा सिनेटचा अधिकार मात्र कायम राहिला.

भारताच्या संविधानाने हा तिढा आधीच टाळला आहे. अनुच्छेद ७५ नुसार मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या लोकसभेलाच जबाबदार असते, आणि अनुच्छेद १०९ नुसार राज्यसभेला धन विधेयक, म्हणजे कर वा सरकारी खर्च यांपुरते मर्यादित असलेले विधेयक, जास्तीत जास्त चौदा दिवस ठेवता येते; तिच्या शिफारशी स्वीकारणे वा नाकारणे लोकसभेच्या हाती असते. राज्यांना समान जागाही नाहीत: उत्तर प्रदेशच्या ३१, महाराष्ट्राच्या १९, गोव्याची एक. साहजिकच सरकारची तिजोरी राज्यसभेला अडवता येत नाही.

या सोयीची किंमतही आहे. एखादे विधेयक धन विधेयक आहे की नाही, हे लोकसभेचा अध्यक्ष ठरवतो, आणि त्याच्या शिक्क्यासरशी राज्यसभेचा नकाराधिकार संपतो. २०१६ चे आधार विधेयक याच वाटेने गेले आणि राज्यसभेने सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभेने अमान्य केल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ही वाट ग्राह्य धरली, तर न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी भिन्न मत नोंदवून तिला संविधानाशी प्रतारणा ठरवले. पुढच्या वर्षी, दुसऱ्या एका प्रकरणात, त्या बहुमताच्या विवेचनाविषयी शंका व्यक्त करून न्यायालयाने धन विधेयकाच्या व्याख्येचा प्रश्न अधिक मोठ्या घटनापीठाकडे सोपवला.