गोबरवायूची शेगडी व तिची निगा

पालघर, बोईसर व तारापूर या भागांतील ज्या शेतकऱ्यांच्या दारीं गोबरवायूचें संयंत्र आहे, त्यांपैकीं कांहींची तक्रार असते कीं, वायु पुरत नाहीं. मग शेण पुन्हां गोवऱ्यांत जातें व स्वयंपाकघरांत धूर सुरू होतो. संयंत्रास दोष देण्यापूर्वीं शेगडी तपासावी, असें आम्ही सुचवितों.

हा वायु नवा नव्हे. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमांत १८९७ सालीं मैल्यापासून निघणारा वायु दिव्यांकरितां वापरला गेला. त्यांत जळणारा मिथेन सुमारें ५५ ते ६० टक्के असतो. बाकी बहुतेक न जळणारा कर्बवायु होय.

आतां हिशेब पाहूं. रोजचें ५० किलो शेण सुमारें २ घनमीटर वायु देतें. भारतीय मानकाप्रमाणें शेगडीनें उष्णतेचा ५५ टक्के भाग भांड्यास पोंचवावा. ती ४० टक्केच पोंचवीत असेल, तर चांगल्या शेगडीवर १.४५ घनमीटरांत होणाऱ्या स्वयंपाकास २ घनमीटर लागतात. म्हणजे दररोज सुमारें १४ किलो शेणाचा वायु फुकट जातो.

याचें एक कारण म्हणजे सिलिंडरच्या गॅसची शेगडी या वायूस जोडणें. तिच्या तोटीचें छिद्र बारीक असतें, आणि आपल्या वायूचा दाब कमी. शिवाय सिलिंडरच्या गॅसला हवा पुष्कळ लागते. आपल्या वायूच्या एका भागास पांच-सहा भागच पुरते. म्हणून गोबरवायूकरितां बनविलेली, मानकचिन्ह असलेली शेगडीच घ्यावी.

ज्योत निळी व स्थिर असावी. ती पिवळी, लांब होऊन भांडें काळें करीत असेल, तर हवेची झडप थोडी उघडावी. ज्योत बर्नरवरून उचलून विझूं लागली, तर झडप थोडी मिटावी. भांडें बर्नरपासून सुमारें अडीच सेंटिमीटर उंच, रुंद बुडाचें व झांकलेलें असावें. जाळ बुडाबाहेर जाऊं देऊं नये.

पावसाळ्यांत नळींत पाणी सांचून ज्योत उड्या मारते. नळीस उतार देऊन सखल जागीं पाणी काढण्याची तोटी बसवावी. बर्नरचीं छिद्रें आठवड्यास साफ करावीं. गळती साबणाच्या फेसानें शोधावी, काडी पेटवून कधींही नव्हे.

इतकें केल्यास धुरानें गृहिणींचे डोळे चुरचुरणार नाहींत, आणि संयंत्रांतून निघणारी मळी भातखाचरास व चिकूच्या बागेस खत म्हणून मिळेल. गोवरी जाळल्यास मात्र राखच हातीं येते. शेतकरी बंधूंनीं येत्या पावसापूर्वीं आपली शेगडी एकवार पाहावी.