सातपाटीत पियानो शिकायचा, तर पट्ट्या कोणत्या?

खऱ्या पियानोत दोनशेहून अधिक पोलादी तारा ताणलेल्या असतात आणि त्यांचा नाद मोठा करायला एक रुंद लाकडी फळी असते. किनाऱ्यावरच्या घरात या दोन्ही गोष्टींचे हाल होतात. खाऱ्या वाऱ्याने तारा गंजतात, पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि प्रत्येक ऋतूत सूर हलतो. तो पुन्हा जुळवायला जाणकार माणूस बहुधा मुंबईहून बोलवावा लागतो. त्यामुळे सातपाटी, शिरगाव, केळवे किंवा तारापूरच्या बाजूला कोणाला मनापासून पियानो शिकायचा असेल, तर घरात विजेवर चालणारे वाद्य आणणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. मात्र ते निवडताना ‘वेटेड’, ‘सेमी-वेटेड’, ‘हॅमर ॲक्शन’, ‘मिडी कंट्रोलर’ असे शब्द एकदम अंगावर येतात. यांतला कोणता शब्द महत्त्वाचा आणि कोणता सोडून द्यायचा, ते पाहू.

पेटीवरचा हात

आपल्याकडे पियानोकडे वळणारा बहुतेक हात पेटीवर किंवा छोट्या कीबोर्डवर तयार झालेला असतो. पेटीत पट्टी दाबली की हवेची वाट उघडते आणि पात वाजते. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज लहानमोठा होतो तो भात्याने. काळी चार असो की पांढरी एक, बोटाचे काम वाट उघडण्याइतकेच. गाण्यातला सगळा जीव डाव्या हाताकडे, म्हणजे भात्याकडे असतो.

पियानोत भाता नाही. १७०० च्या सुमारास इटलीत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने हे वाद्य घडवले तेव्हा त्याने पट्टीच्या मागच्या टोकाला तरफांची साखळी आणि एक हातोडी बसवली. पट्टी दाबली की हातोडी फेकली जाते, तारेवर आदळते आणि लगेच मागे येते. ती किती वेगाने फेकली यावर आवाजाचा लहानमोठेपणा आणि त्याचा पोतही ठरतो. म्हणजे भात्याचे काम इथे दहाही बोटांकडे येते. हे काम बोटांना शिकवायचे तर पट्टीमागे काहीतरी वजन असावेच लागते. स्प्रिंगवरच्या हलक्या पट्टीवर दोन वर्षे सराव केलेले मूल खऱ्या पियानोपुढे बसले की त्याचे अर्धे सूर वाजतच नाहीत, आणि वाजतात ते एकसारखे वाजत नाहीत. शिकण्यासाठी हातोडीच्या पट्ट्याच घ्याव्यात, असे माझे ठाम मत आहे ते यामुळे.

तीन प्रकारच्या पट्ट्या

पहिला प्रकार साध्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचा. बाजारातले बहुतेक ६१ पट्ट्यांचे कीबोर्ड असे असतात. दुसरा ‘सेमी-वेटेड’. त्यात स्प्रिंगच असते, पण ती थोडी कडक असते किंवा पट्टीखाली वजनाचा तुकडा चिकटवलेला असतो. हातोडी नसते. तिसरा ‘हॅमर ॲक्शन’. यात प्रत्येक पट्टीमागे खरोखर एक छोटी हातोडी किंवा वजनाची दांडी हलते, तार मात्र नसते. ‘ग्रेडेड’ असे लिहिले असेल तर खर्जाकडच्या पट्ट्या जड आणि तारसप्तकाकडच्या हलक्या असतात, पियानोत असतात तशाच.

जाहिरातीत नुसते ‘वेटेड’ लिहिले असेल तर समाधान मानू नका. ‘हॅमर’ हा शब्द तपशिलात आहे का, ते शोधा.

वजन मोजायचे असेल तर दहा रुपयांची नाणी पुरतात. २०११ नंतरचे नाणे सुमारे पावणेआठ ग्रॅमचे असते. चांगल्या पियानोच्या मधल्या पट्ट्या साधारण ५० ग्रॅम वजनाला हळूहळू खाली जातात, म्हणजे सहा-सात नाणी. पांढऱ्या पट्टीच्या पुढच्या कडेवर एकेक नाणे रचत जा आणि पट्टी कधी बसते ते पाहा. विजेच्या वाद्यात आकडा थोडा वर जाईल, त्यात बिघडले काही नाही. पण दोन-तीन नाण्यांतच पट्टी खाली गेली, तर खोक्यावर काहीही छापलेले असो, त्या वाद्यात हातोडी नाही.

कंट्रोलर स्वतः वाजत नाही

दुकानात सर्वांत जास्त गैरसमज इथे होतो. मिडी कंट्रोलरला स्पीकर नसतो आणि त्याच्या पोटात पियानोचा आवाजही नसतो. १९८३ साली वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू शकावीत म्हणून मिडी हा करार झाला. त्यातून जातात ते फक्त निरोप: कोणती पट्टी, किती वेगाने दाबली, कधी सोडली. पियानोच्या ८८ पट्ट्यांना २१ ते १०८ असे क्रमांक आहेत, मधला ‘सी’ म्हणजे ६०. वेग १ ते १२७ या आकड्यांत जातो. पट्टीखाली दोन संपर्क असतात. पहिला लागल्यापासून दुसरा लागेपर्यंत किती वेळ गेला, यावरून हा आकडा निघतो. काही वाद्यांत तिसरा संपर्कही असतो. त्यामुळे पट्टी पूर्ण वर येण्याआधी तोच सूर पुन्हा वाजवता येतो. भराभर एकच सूर घ्यायला याचा फार उपयोग होतो.

या निरोपांचा आवाज करायला लॅपटॉप किंवा आयपॅड आणि त्यात पियानोचे सॉफ्टवेअर लागते. फ्रान्समधल्या मोडार्ट कंपनीचे पियानोटेक गणिताने नाद घडवते, म्हणून ते डिस्कवर फार थोडी जागा घेते. सॅलॅमँडर ग्रँड हा खऱ्या यामाहा पियानोच्या ध्वनिमुद्रणातून केलेला संच फुकट मिळतो. विंडोजवर मात्र बोट पडणे आणि आवाज येणे यांत अंतर जाणवू शकते. त्यासाठी असिओ नावाचा ध्वनीचा ड्रायव्हर टाकून बफर, म्हणजे आवाज बाहेर पडण्याआधी साठवला जाणारा तुकडा, २५६ नमुन्यांवर किंवा त्याखाली आणावा. सेकंदाला ४४,१०० नमुने या वेगाने २५६ नमुने म्हणजे सहा मिलिसेकंदांच्या आत, आणि तेवढे कानाला कळत नाही. ब्लूटूथ हेडफोनवर हाच उशीर शंभर मिलिसेकंदांच्या पलीकडे जातो, त्यामुळे सरावाला वायरचाच हेडफोन हवा.

मग नेमके काय घ्यावे?

घरात पहिलेच वाद्य येत असेल आणि मूल शिकणार असेल, तर निव्वळ कंट्रोलर घेऊ नये, असे मला वाटते. रोज लॅपटॉप उघडा, वायर जोडा, सॉफ्टवेअर सुरू होण्याची वाट पाहा, या खटाटोपात सराव मागे पडतो. त्यापेक्षा यूएसबी असलेला सुटसुटीत डिजिटल पियानो घ्यावा. रोलंड एफपी-१०, यामाहा पी-१४५, कॅसिओ सीडीपी-एस११०, कॉर्ग बी२ या सगळ्यांत हातोडीच्या ८८ पट्ट्या आहेत, स्वतःचे स्पीकर आहेत आणि यूएसबीने जोडले की ते कंट्रोलरचेही काम करतात. एफपी-१० च्या पट्टीत तिसरा संपर्क आहे. या दर्जाच्या वाद्यांत पट्टीच्या बाबतीत मी त्यालाच पहिला मान देईन.

कंट्रोलर शोभतो तो ज्याच्याकडे चांगला लॅपटॉप आधीच आहे आणि ज्याला ध्वनिमुद्रण, चाली बांधणे, पार्श्वसंगीत करायचे आहे त्याला. इथेही बटणे, पॅड, रंगीत दिवे मोजू नका, पट्ट्यांचा सांगाडा कोणाचा आहे ते विचारा. इटलीतली फातार कंपनी अनेक नामांकित कंपन्यांना हा सांगाडा पुरवते. तिचाच स्टुडिओलॉजिक एसएल८८ स्टुडिओ १३.७ किलोचा आहे आणि त्यावर अनावश्यक काही नाही. एम-ऑडिओचा हॅमर ८८देखील तसाच साधा. रोलंड ए-८८ एमके२ मध्ये एफपी-१० च्याच घराण्यातल्या पट्ट्या आहेत. कावाई व्हीपीसी१ लाकडी पट्ट्यांचा आणि पियानोच्या सर्वांत जवळ जाणारा, पण २९.५ किलोचा. तो एकदा ठेवला की जागेवरून हलवायचा नाही.

हळदीला वाजवणाऱ्यांसाठी हे वजन नको

आपल्या किनाऱ्यावर हळदीला आणि वरातीला बेंजो पार्टी असते, आणि तिच्यात कीबोर्डवाला असतोच. त्याला एका बोटाने वेगाने चाल ओढायची असते, मधेच आवाज बदलायचा असतो, ठेका लावायचा असतो आणि पहाटे वाद्य टेम्पोत टाकायचे असते. त्याला स्प्रिंगच्या पट्ट्यांचा अरेंजर कीबोर्डच योग्य. ती वेगळी कला आहे, तिचे हत्यारही वेगळे. ‘चांगले म्हणजे जड’ असे समजून त्याने हातोडीच्या पट्ट्यांवर पैसे घालू नयेत.

दुकानात वाजवून पाहताना

मुंबईत धोबीतलावला १८६५ पासूनचे फुर्ताडोज आहे. तिथे किंवा दुसऱ्या कुठल्याही मोठ्या दुकानात जाऊन निदान दोन-तीन वाद्यांवर बोट ठेवा. आवाज बंद करून पट्टी जोरात दाबा आणि तळाला किती खटखट होते ते ऐका. बोईसरच्या इमारतीत रात्री हेडफोन लावून वाजवताना खालच्या मजल्यावर जातो तो हाच आवाज. मग अगदी हलक्या हाताने एकच सूर दहा वेळा वाजवा. आवाज एकसारखा यायला हवा. पांढरी पट्टी आतल्या बाजूला, काळ्या पट्ट्यांच्या मधे दाबून पाहा. स्वस्त वाद्यात तिथे ती अचानक फार जड लागते, कारण आतली तरफ आखूड असते. मधली ‘सी’ आणि शेजारची काळी एक सारख्याच जोराने वाजवून तुलनाही करा.

ग्रेड परीक्षा द्यायची असेल तर त्या वर्षीचा डिजिटल पियानोचा नियम आधी वाचून घ्या. पूर्ण लांबीच्या पट्ट्या आणि पेडल यांशिवाय गाडी फार पुढे जात नाही.

सूर लांबवणारे पेडल म्हणाल तर सोबत येणारे चौकोनी बटण लवकरच बदलावेसे वाटते, ते पायाखालून सरकते. अर्धवट दाबलेलेही ओळखणारे, पियानोच्या आकाराचे पेडल घ्या, मात्र आपले वाद्य असे अर्धे पेडल वाचते का ते आधी पाहा. वाद्य चालू करताना पेडलवर पाय ठेवू नका, काही वाद्ये त्यामुळे उलटे काम करू लागतात. स्टँड ‘झेड’ आकाराचा किंवा टेबलासारखा हवा. ‘एक्स’ आकाराचा डगमगतो आणि गुडघ्यांना अडतो.

खारी हवा आणि गेलेली लाइट

या वाद्यात तारा नसल्या तरी खाऱ्या हवेपासून ते पूर्ण सुटत नाही. पट्टीखाली रबराच्या टोप्या असतात, त्यांच्या आत कार्बनचे ठिपके. ओल आणि मीठ तिथे पोचले की एखादा सूर मुका होतो, नाहीतर एकदम मोठ्याने ओरडतो. म्हणून समुद्राकडच्या खिडकीखाली किंवा स्वयंपाकघराच्या दाराशी वाद्य ठेवू नये. वाजवून झाले की कापडी झाकण घालावे. प्लास्टिक नको, त्याखाली घाम धरतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर असतात, घरातली माणसे घरी असतात. शिकायला हा काळ उत्तम, पण हवा सर्वांत दमट असते तीही याच दिवसांत. या दोन महिन्यांत झाकणाखाली सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रोज सगळ्या पट्ट्यांवरून एकदा हात फिरवा. वापरातल्या संपर्कांवर थर लवकर बसत नाही.

पावसाळ्यात लाइट जाते तेव्हाचा विचारही आताच करावा. हॅमर ८८ आणि ए-८८ एमके२ यूएसबीवर चालतात, लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत सराव थांबत नाही. सीडीपी-एस११० सहा पेन्सिल सेलवर चालतो. ज्यांना विजेचा अडॅप्टरच लागतो, त्यांना इन्व्हर्टर लागेल. लॅपटॉप चार्जरला लावल्यावर स्पीकरमधून गुणगुण येत असेल तर घरातले अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत बहुधा तिथेच दोष निघतो.

घरी आणताना

८८ पट्ट्यांचे खोके चार फुटांहून लांब असते. डहाणू लोकलच्या सामानाच्या डब्यातून ते येते, पण पालघर स्टेशनवरून सातपाटीला रिक्षात आडवे बसत नाही. छोटा टेम्पो किंवा ओळखीची गाडी आधीच सांगून ठेवा. ऑनलाइन मागवले असेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत मिडीचे निरोप पडद्यावर दाखवणारा, फुकट मिळणारा मिडी मॉनिटर उघडून सर्व ८८ पट्ट्या हळू आणि जोरात दाबून आकडे पाहा. जुने वाद्य विकत घेतानाही हीच तपासणी करा, आणि त्याआधी ते उलटे करून तळाचे स्क्रू पाहा. स्क्रूंवर तांबूस गंज दिसला तर आतल्या संपर्कांची अवस्था वेगळी असण्याची शक्यता कमी. खोके आणि थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत टाकू नका, दुरुस्तीला मुंबईला पाठवायचे झाले तर त्याच मापाचे दुसरे मिळणे कठीण.