जुन्या बास गिटारीचा बेसूर कोठें शोधावा?

गतवर्षीं स्नेहसंमेलनाच्या तयारीस आरंभ झाला, तेव्हां शाळेच्या कपाटांतून एक जुनी बास गिटार बाहेर काढण्यांत आली. देऊळगांव राजासारख्या गांवीं हें वाद्य सहसा दृष्टीस पडत नाहीं. त्यामुळें तें वाजविण्याचा मान ज्या विद्यार्थ्यास मिळाला, त्याच्या आनंदास पारावार उरला नाहीं. परंतु सराव सुरू होतांच पेटीचा स्वर एकीकडे व गिटारीचा दुसरीकडे, असा प्रकार होऊं लागला. आम्हीं त्या मुलास दोन वेळां टोकलें आणि तिसऱ्या वेळीं "तुला कानच नाहीं" असें बोलून गेलों. मुलानें निमूटपणें वाद्य भिंतीशीं टेकविलें व तो घरीं गेला. त्या रात्रीं आम्हीं स्वतः तें वाद्य हातीं घेतलें, आणि आमचीही तीच गत झाली! पुढील दोन आठवड्यांत या वाद्यानें आम्हांस जें शिकविलें, तें विद्यार्थीमित्रांपुढें ठेवण्याचा येथें विचार आहे.

प्रथम या वाद्याची ओळख करून घेऊं. पूर्वीं खर्जाच्या साथीस डबल बास नांवाचें उभें वाद्य असे. त्यास पडदे नसत. स्वराची जागा केवळ कानानें व सरावानें शोधावी लागे. १९५१ सालीं अमेरिकेंतील लिओ फेंडर यांनीं धातूचे पडदे बसविलेली विजेची बास गिटार विक्रीस आणली व तिला 'प्रिसिजन' म्हणजे अचूक असें नांव दिलें. तिच्या चार तारा पेटीच्या भाषेंत जाडीकडून पांढरी तीन, सहा, दोन व पांच अशा लावितात. त्या सेकंदास अनुक्रमें सुमारें ४१, ५५, ७३ व ९८ कंपनें करितात. मानेच्या वरच्या टोकास जी खांचांची पट्टी असते तिला नट म्हणतात. नटापासून घोडीपर्यंत तारेची लांबी बहुधा ३४ इंच असते. बारावा पडदा नटापासून १७ इंचांवर, म्हणजे मध्यावर येतो. तार निम्मी झाली कीं स्वर एक सप्तक वर जातो. पुढील सर्व परीक्षेचें मूळ या एका गोष्टींत आहे.

बेसूर हा एकच शब्द आपण दोन निराळ्या दोषांस लावितों. एक, जुळविलेली तार उतरते, म्हणजे स्वर टिकत नाहीं. दुसरा, उघडी तार बरोबर असूनही पडद्यावर दाबतांच स्वर चुकतो. यांची गल्लत केली, तर दिवसभर खुंट्या पिळूनही पदरांत कांहीं पडत नाहीं. ओळखण्याचा उपाय सोपा आहे. चारही तारा उघड्या जुळवाव्या, पांच मिनिटें वाजवावें, आणि पुन्हां उघड्याच तपासाव्या. त्या सरकल्या असल्यास दोष पहिला; त्या जागच्या जागीं असून पडद्यांवर स्वर चुकत असल्यास दुसरा.

मात्र तपासण्याचें माप खरें पाहिजे. आमची पेटी जुनी असल्यामुळें आम्हीं मोबाइलवरील स्वरमापकाचें साहाय्य घेतलें. त्यांत पांढरी सहा बहुधा ४४० कंपनांची धरलेली असते. कार्यक्रमांत गिटार शेवटीं पेटीशींच जुळवावी लागते. परंतु दोष शोधतांना माप एकच असावें.

पहिला दोष असल्यास खुंटीकडे पाहावें. तारेचे दोनतीन वेढे एकाखालीं एक नीट बसलेले असावे. नवी तार हातानें हलकेंच ताणून पुन्हां जुळवावी. स्वर नेहमीं खालून वर आणावा. तार चढली असल्यास प्रथम सैल करून मग चढवावी, नाहींतर खुंटीच्या दांत्यांतील ढिलेपणामुळें ती मागाहून उतरते. पिळतांना 'टक्' असा आवाज होऊन स्वर एकदम उडी मारीत असेल, तर तार नटाच्या खांचेंत अडकते असें समजावें. शिसपेन्सिलीची थोडी पूड खांचेंत घातली असतां ती सुटते.

दुसऱ्या दोषाची परीक्षा अशी. बाराव्या पडद्याच्या अगदीं वर तारेस बोट नुसतें टेकवून, न दाबतां, तार छेडावी. घंटेसारखा स्वच्छ स्वर निघतो. नंतर त्याच पडद्यावर तार दाबून छेडावी. दोन्ही स्वर एक असले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा असेल, तर घोडीवरील त्या तारेचा आधार स्क्रूनें मानेपासून दूर न्यावा. उतरलेला असेल, तर मानेकडे आणावा. असें कां करावें लागतें? दाबल्यानें तार थोडी ताणली जाते व स्वर चढतो; तेवढी लांबी वाढवून ती चूक फेडावी लागते. ज्या मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेथील सतारीचे पडदे दोऱ्यानें बांधलेले असतात. स्वर चुकला तर पडदा सरकवितां येतो. गिटारीचा पडदा लाकडांत पक्का बसलेला, म्हणून येथें घोडीचा आधार सरकवावयाचा.

चूक कोठें होते, यावरूनही कारण कळतें. पहिल्या दोनतीन पडद्यांवरच स्वर चढत असेल, तर नटाची खांच उंच आहे. वरच्या पडद्यांकडे जातां जातां चूक वाढत असेल, तर आधाराची जागा चुकली आहे. एकाच पडद्यावर सर्व तारा बिघडत असतील, तर तो पडदा झिजला आहे. मान वांकली असल्यास तारा पडद्यांपासून फार उंच राहतात व दाबतांना अधिक ताणल्या जातात. मानेच्या आंत लोखंडी सळई असते, तिनें हा बांक कमी करितां येतो. पण तें काम व पडद्यांचें काम जाणत्या कारागिराकडेच सोंपवावें.

सर्वांत महत्त्वाची सूचना शेवटीं सांगतों. यांपैकीं कांहींही करण्यापूर्वीं तारा बदलाव्या. वर्षानुवर्षांचा घाम व मळ तारेच्या वेढ्यांत शिरला कीं तिचें वजन सर्वत्र सारखें राहत नाहीं. अशा तारेस खरा स्वरच उरत नाहीं. मग घोडी कितीही हलविली तरी श्रम व्यर्थ.

आमच्या गिटारीचें तेंच झालें होतें. तारा काळवंडल्या होत्या, आणि जाड तारेचा आधार कोणीतरी पार मानेकडे सरकवून ठेविला होता. "मोडींत काढा" असें जिच्याविषयीं ठरत आलें होतें, ती गिटार तारांच्या एका नव्या संचानें व अर्ध्या तासाच्या श्रमानें सुरांत आली. दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या विद्यार्थ्यास बोलाविलें व सर्वांसमक्ष आपली चूक कबूल केली. त्यानें कांहीं न बोलतां गिटार गळ्यांत घातली आणि तेंच गीत पहिल्यापासून शेवटपर्यंत बिनचूक वाजविलें.

तेव्हां बेसूर कानीं पडला, तर प्रथम तार पाहावी, मग खुंटी, मग घोडी, मग मान. आणि वाजविणाऱ्याच्या कानाकडे अगदीं शेवटीं वळावें.