खाडा, दांडी आणि रजा : माणूस कामावर का येत नाही?

बाहेर फलकावर आजचा विषय 'कर्मचाऱ्यांची गैरहजेरी' असा लिहिलाय. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हा विषय कुणी दिला, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. पण बघा, गैरहजेरी म्हटलं की आपण लगेच माणसाच्या वृत्तीवर घसरतो. कामचुकार आहे, आळशी आहे, फुकटचा पगार खातो. म्हणजे रिकाम्या खुर्चीवरून आपण खुर्चीवाल्याच्या मनाबद्दल अनुमान काढतो. ते अनुमान टिकतं का, हा तर्कशास्त्राचा प्रश्न आहे.

आधी शब्द पाहू. नोकरदार रजा घेतो, कॉलेजातला पोरगा दांडी मारतो आणि मजूर खाडा करतो. तिघांनी केलं एकच, त्या दिवशी ते जागेवर नव्हते. पण रजेमागे अर्ज आणि हक्क आहे, दांडीमागे खोडी आहे, आणि खाड्यामागे वजाबाकी आहे. आपल्याकडे गुढीपाडव्याला सालदार ठरतो. त्याचे वर्षभराचे खाडे मालक वहीत मांडून ठेवतो आणि हिशेबाच्या दिवशी तेवढे पैसे कापतो. तो तापानं फणफणला होता की साळ्याच्या लग्नाला गेला होता, हे वहीत नसतं. नुसती फुली असते. ऑफिसातलं मस्टर काय किंवा अंगठ्याचं यंत्र काय, या बाबतीत त्या वहीपेक्षा शहाणं नाही.

आता वृत्तीचा आणि हजेरीचा संबंध खरंच किती, ते पाहू. यावर अमेरिकेत एक फार सुंदर अभ्यास झालाय. सिअर्स नावाच्या मोठ्या कंपनीचं मुख्य कार्यालय शिकागोला होतं. एप्रिल 1975 मध्ये तिथं जबरदस्त हिमवादळ झालं. दुसऱ्या दिवशी कामावर पोचणं अवघड होतं, आणि नाही आलं तरी कुणी जाब विचारणार नव्हतं. या कर्मचाऱ्यांना आपल्या कामाबद्दल काय वाटतं, याची पाहणी आधीच झालेली होती. फ्रँक स्मिथ या संशोधकानं ती पाहणी आणि त्या दिवसाची हजेरी शेजारी-शेजारी ठेवली. ज्या विभागांत लोक कामावर समाधानी, तिथली हजेरी जास्त निघाली. मग त्यानं त्याच कंपनीचं न्यूयॉर्कचं ऑफिस पाहिलं. तिथं त्या दिवशी वादळ नव्हतं, आणि तिथं समाधानाचा हजेरीशी तसा संबंध दिसलाच नाही. हा निबंध 1977 साली छापून आला.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. एरवीच्या दिवशी माणूस येतो तो पगार कापला जाईल म्हणून, साहेब ओरडेल म्हणून, सवयीनं, शेजारचा निघाला म्हणून. त्याला काम आवडतं की नाही, हे हजेरीत दिसत नाही. यायचं की नाही हे खरोखर त्याच्या हातात असेल, तेव्हाच त्याची वृत्ती दिसते. म्हणूनच असे पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा कामातलं समाधान आणि गैरहजेरी यांचा संबंध निघाला खरा, पण अशक्त निघाला. स्टीअर्स आणि ऱ्होड्स या दोघांनी 1978 मध्ये हे सोप्या रीतीनं मांडलं : हजेरीला दोन गोष्टी लागतात, येण्याची इच्छा आणि येण्याची शक्यता. आपण शिक्षा करतो ती मात्र सगळी इच्छेला.

ॲरिस्टॉटलनंही वादळाचंच उदाहरण घेतलंय. जहाज वादळात सापडतं आणि कप्तान माल समुद्रात फेकून देतो. त्यानं हे स्वेच्छेनं केलं का? हात त्याचेच होते. पण शहाणा माणूस एरवी आपला माल पाण्यात टाकेल का? ॲरिस्टॉटल अशा कृतींना मिश्र म्हणतो. आपल्या बहुतेक गैरहजेऱ्या या जातीच्या असतात. जुलैत उमरखेडच्या बंदीभागात नाल्याला पूर आलाय आणि मास्तर अलीकडच्या काठावर मोटारसायकल लावून उभा आहे. तो आला नाही की येऊ शकला नाही? आणि तो तालुक्याच्या गावी का राहतो, शाळेच्या गावी का नाही, असंही तुम्ही विचाराल. विचाराच. उत्तर घरमालक, दवाखाना, बायकोची नोकरी आणि पोरांची शाळा यांत सापडेल. थोडं त्याच्या मनातही सापडेल, मी नाही म्हणत नाही.

मास्तरांचा विषय निघालाच आहे. 2003 मध्ये देशभरातल्या हजारो सरकारी प्राथमिक शाळांना न कळवता भेटी दिल्या गेल्या. देशात सरासरी चारांतला एक शिक्षक जागेवर नव्हता. महाराष्ट्राचं प्रमाण सगळ्यांत कमी होतं, साधारण 15 टक्के. झारखंडचं 42. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. जास्त पगाराचे शिक्षक जास्त नियमित असतात, असं काही दिसलं नाही. जिथं नुकतीच तपासणी झाली होती, शाळेची इमारत-सोयी बऱ्या होत्या आणि शाळा पक्क्या रस्त्याच्या जवळ होती, तिथं गैरहजेरी कमी होती. पक्का रस्ता! झरी-जामणीतल्या एखाद्या कोलाम पोडावर पायी गेलेल्या माणसाला हे सांगायला संशोधक लागत नाही.

आपल्या कायद्यालाही हे कळलेलं आहे. वणीकडचे लोक असतील तर त्यांना माहीत असेल. 1952 च्या खाण कायद्यानं भूमिगत कामगाराला दर 15 दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा दिली, आणि वर काम करणाऱ्याला दर 20 दिवसांमागे एक. त्या कायद्यात वर्ष पुरं झालं असं धरायला खालच्या माणसाला 190 हजेऱ्या पुरत, वरच्याला 240 लागत. म्हणजे खाणीच्या पोटातला माणूस जास्त आळशी असतो, असं कायदा म्हणत नाही. जागा तशी आहे, शरीर जास्त झिजतं, असं म्हणतो. 

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहासही हेच सांगतो. गिरणी कामगार गावाकडचा, त्याला शिस्त नाही, मनाला येईल तेव्हा खाडे करतो, अशी मालकांची तक्रार जुनी आहे. पण तेव्हा आठवड्याची सुटीच नव्हती! नारायण मेघाजी लोखंड्यांना त्यासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं, तेव्हा 10 जून 1890 पासून रविवार मिळाला. सुटी नसलेल्या माणसाचा खाडा हीच त्याची सुटी, हे मालकांना का सुचलं नसेल? मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी 1965 साली आपल्या पुस्तकात हा 'गावंढळ कामगार' सिद्धांत बराचसा मोडीत काढला.

हे सगळं मी आज मोठ्या तोऱ्यात सांगतोय, पण माझीच एक गोष्ट सांगतो. मी काही महिने एका महाविद्यालयाचा प्रभारी प्राचार्य होतो. नाव सांगत नाही. तिथं झाडलोटीला एक बाई होत्या. दर महिन्याला तीन-चार दिवस त्यांचा खाडा ठरलेला. मी कारणे दाखवा नोटीस काढली. त्यांनी उत्तर दिलं नाही, नुसता अंगठा उमटवून नोटीस घेतली. नंतर आमच्या मराठीच्या मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, चतुर्थ श्रेणीच्या बायांना इथं दाराला कडी असलेलं बाथरूमच नाही." मस्टर माझ्याच टेबलावर होतं. महिन्यामागून महिने त्या फुल्या एकाच अंतरानं पडत होत्या. मी कांट शिकवत होतो आणि मला ते वाचता आलं नाही. नोटीस मागे घेतली. कडी बसायला पुढे दोन महिने लागले.

आता एक चिठ्ठी आली आहे. विचारलंय, "म्हणजे अंगठ्याची यंत्रं काढून टाकायची का?" नाही. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात दोन प्रयोग झाले. सेवा मंदिर संस्थेच्या एकशिक्षकी शाळांत कॅमेरा दिला, फोटोवरच्या तारखेप्रमाणे पगार ठरवला. गैरहजेरी 42 टक्क्यांवरून 21 वर आली. त्याच जिल्ह्यात सरकारी परिचारिकांसाठी वेळ नोंदवणारी यंत्रं आली. पहिले काही महिने चांगला फरक पडला. मग आरोग्य खात्यातूनच 'सूट दिलेले दिवस' वाढत गेले आणि दीडेक वर्षात परिणाम जवळजवळ संपला. यंत्र दोन्हीकडे खरंच बोलत होतं. फरक पडला तो वरच्यांनी त्याचं ऐकलं की नाही, यानं. शिवाय तपासणीनं शिक्षक हजर राहतात, हे मी मघाशी सांगितलंच. माझं म्हणणं एवढंच, की यंत्रानं फुली मोजावी. फुलीचं कारण मात्र माणसानं जाऊन विचारावं.

शेवटी, ज्याला गैरहजर राहताच येत नाही त्याच्याबद्दल. 2017 चा पावसाळा आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेला नाही. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, फवारा तोंडावर येत होता, आणि विषबाधेनं जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. फवारणीची मजुरी हंगामातच मिळते. डोळे चुरचुरतात, डोकं गरगरतं, तरी रोज बुडेल म्हणून माणूस पुन्हा पंप पाठीवर घेतो. त्याला आजारपणाची रजा नाही, मस्टर नाही, नोटीस काढणारा साहेबही नाही. गैरहजेरीच्या कुठल्याही आकडेवारीत तो येत नाही. त्याची हजेरी शंभर टक्के असते.