निरोगी माणसाची तपासणी

सामान्यतः मनुष्य डॉक्टरकडे जातो तो काहीतरी दुखते-खुपते म्हणून. गाठ हाताला लागते, रक्त जाते, घास गिळताना त्रास होतो आणि मग रोगाचा शोध सुरू होतो. कर्करोगाच्या पूर्वतपासणीत हा क्रम उलटा असतो. ज्यांची कोणतीही तक्रार नाही अशा माणसांमध्ये येथे रोगाचा शोध घ्यावयाचा असतो. या एका गोष्टीतच या उपायाचे सामर्थ्य आहे आणि त्याची अडचणही आहे. सामर्थ्य अशासाठी की, लक्षणे स्पष्ट होईपर्यंत पुष्कळ कर्करोग पसरलेले असतात. अडचण अशी की, धडधाकट माणसाला तपासणीची आवश्यकता पटवून देणे फार कठीण असते.

पूर्वतपासणी म्हणजे निदान नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. धान्य चाळणीतून काढले की संशयास्पद तेवढे वर राहते. त्यात खडे किती आणि दाणे किती हे नंतर निवडून पाहावे लागते. त्याचप्रमाणे चाचणीत दोष दिसलेल्या बहुसंख्य व्यक्तींना कर्करोग झालेला नसतो. तो आहे की नाही, हे संशयित भागाचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच ठरते.

प्रत्येक कर्करोग अशा चाळणीत सापडण्याजोगा नसतो. त्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. रोगाला दीर्घकाळ चालणारी पूर्वावस्था असावी; ती ओळखणारी सोपी व निर्धोक चाचणी असावी; आणि त्या अवस्थेत केलेल्या उपचाराने प्राण वाचतात हे सिद्ध झालेले असावे. या तिन्ही कसोट्यांना सर्वांत चांगला उतरतो तो गर्भाशयमुखाचा कर्करोग. भारतात दरवर्षी एक लाखाहून अधिक स्त्रियांना तो होतो. मानवी पॅपिलोमा विषाणूंचा दीर्घकाळ टिकून राहिलेला संसर्ग हे त्याचे मुख्य कारण होय. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना या शोधाबद्दल २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा संसर्ग अतिशय सामान्य असून बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्या थोड्या स्त्रियांमध्ये तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यातही पेशींमधील पहिल्या बदलापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास बहुधा दहा ते वीस वर्षांचा असतो. एवढा अवधी देणारे कर्करोग थोडेच आहेत.

या अवधीचा उपयोग करण्याचा मार्ग दाखविला तो जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी. ग्रीसमध्ये जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये संशोधन करणाऱ्या या शास्त्रज्ञाने योनिमार्गातील स्रावाच्या नमुन्यात कर्करोगाच्या पेशी ओळखता येतात, हे १९२८ साली मांडले. त्या वेळी त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९४१ साली हर्बर्ट ट्राउट या स्त्रीरोगतज्ज्ञासमवेत त्यांनी आपले निष्कर्ष पुन्हा प्रसिद्ध केले आणि पुढे ही चाचणी ‘पॅप चाचणी’ या नावाने सर्वत्र रूढ झाली. ज्या देशांनी ती पद्धतशीरपणे राबविली, तेथे या रोगाचे प्रमाण मोठ्या प्रमाणावर घटले.

भारतात मात्र हे यश सहज उतरले नाही. पॅप चाचणीसाठी प्रयोगशाळा हवी, पेशी पारखणारे तज्ज्ञ हवेत आणि ठरावीक वर्षांनी चाचणी पुन्हा व्हावयास हवी. गावात घेतलेला नमुना शहरात जाणार, निष्कर्ष काही दिवसांनी येणार आणि तोवर ती स्त्री शेतावर वा मजुरीवर गेलेली असणार. दुसऱ्यांदा येण्यासाठी एका दिवसाचा रोज बुडवावा लागतो. अशा वेळी चाचणी शास्त्रीयदृष्ट्या कितीही निर्दोष असली, तरी तिचा उपयोग होत नाही.

यातून एका साध्या पद्धतीचा पुरस्कार झाला. तीन ते पाच टक्के ॲसेटिक आम्लाचे द्रावण, म्हणजे साधारणतः स्वयंपाकघरातील व्हिनेगरइतके सौम्य द्रावण, गर्भाशयमुखावर लावतात. सुमारे एका मिनिटात विकृत पेशींची जागा पांढरी दिसू लागते. निष्कर्ष तेथल्या तेथे कळतो आणि योग्य असल्यास तो भाग गोठवून नष्ट करण्याचा उपचारही त्याच दिवशी करता येतो. मात्र ही चाचणी सर्वस्वी तपासणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते. त्यामुळे नाहक संशयही पुष्कळ निर्माण होतो.

या पद्धतीने खरोखर प्राण वाचतात काय, याचे उत्तर मिळविण्यात भारतातील मोठ्या अभ्यासांचा वाटा महत्त्वाचा आहे. तमिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात अशी तपासणी केलेल्या गटात या रोगाचे मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. मुंबईच्या झोपडवस्त्यांमध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. तेथे तपासणी करणाऱ्या कार्यकर्त्या डॉक्टर वा परिचारिका नव्हत्या. त्या प्रशिक्षण दिलेल्या, दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रिया होत्या. बारा वर्षांनंतर मृत्यूंमध्ये ३१ टक्के घट आढळली.

तिसरा अभ्यास महाराष्ट्रातील तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात झाला. गावांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांची चार भागांत विभागणी करण्यात आली. एका भागात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप चाचणी, तिसऱ्यात आम्लाची चाचणी झाली; चौथा भाग तुलनेसाठी होता. आठ वर्षांनी पाहता, एकदाच केलेल्या विषाणूच्या चाचणीने मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. त्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या रोगाने दगावल्या, तर तुलनेच्या गटातील ३१,४८८ पैकी ६४. उरलेल्या दोन चाचण्यांनी येथे निश्चित घट झाली नाही. नजरेने होणारी पारख सर्व ठिकाणी सारखीच यशस्वी होत नाही, हा धडा यातून मिळाला.

या आकड्यांमागे एक अवघड प्रश्नही आहे. तुलनेच्या गटांतील स्त्रियांना आरोग्यशिक्षण व नेहमीच्या सेवा मिळाल्या, पण पूर्वतपासणी मिळाली नाही. पॅप चाचणीची उपयुक्तता जगाला ठाऊक असताना हे योग्य होते काय, असा तीव्र आक्षेप पुढे घेण्यात आला. देशात त्या काळी अशी तपासणी कोठेच सार्वत्रिक नव्हती, असे समर्थन संशोधकांनी केले. वादाचा निवाडा कसाही होवो, त्या चौसष्ट मृत्यूंमुळे मिळालेले ज्ञान वापरले न जाणे हे समर्थनीय ठरणार नाही.

तोंडाच्या कर्करोगासाठी तर पुरेसा उजेड आणि सरावलेली नजर एवढेच साधन लागते. केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन तोंडे तपासली. तंबाखू वा मद्य यांचे सेवन करणाऱ्यांमध्ये मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटल्याचे २००५ साली दिसून आले. स्तनाच्या बाबतीत मुंबईतील वीस वर्षांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली आले. प्रशिक्षित कार्यकर्तीने हाताने केलेल्या तपासणीने पन्नाशीपुढील स्त्रियांमधील मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून तरुण स्त्रियांना तसा लाभ झाला नाही.

जितकी तपासणी अधिक तितके हित अधिक, असा अर्थ मात्र यातून काढू नये. दक्षिण कोरियात कर्करोग तपासणीच्या राष्ट्रीय योजनेच्या जोडीने गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचीही ध्वनिलहरींद्वारे तपासणी सर्रास होऊ लागली. २०११ पर्यंत या कर्करोगाच्या निदानांची संख्या १९९३ च्या पंधरापट झाली, परंतु मृत्यूंचे प्रमाण होते तेथेच राहिले. कधीही त्रास न देणाऱ्या गाठींसाठी हजारोंनी शस्त्रक्रिया सोसल्या. पूर्वतपासणी हे औषधासारखेच आहे; ते कोणाला, केव्हा आणि किती द्यावयाचे हे ठरलेले असावे लागते.

भारतात २०१६ साली केंद्र सरकारने तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांची तिशीनंतर दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी, अशी रूपरेषा आखली. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी काळी झालेल्या स्त्रिया अवघ्या १.९ टक्के होत्या. स्तनांच्या बाबतीत हे प्रमाण ०.९ टक्के होते. साधन साधे आहे, खर्च थोडा आहे, पुरावा देशातलाच आहे. तरीही ही स्थिती आहे.

लोकशिक्षणाचे कार्य येथूनच सुरू होते. हा रोग स्पर्शाने पसरतो, गाठीला सुई लावली की तो भडकतो, निदान म्हणजे मृत्यूच, या समजुती आजही प्रचलित आहेत आणि त्या तिन्ही चुकीच्या आहेत. सर्वांत घातक समजूत मात्र चौथी: दुखत नाही, त्या अर्थी काळजीचे कारण नाही. प्रारंभीच्या अवस्थेत स्तनातील कर्करोगाची गाठ बहुधा दुखत नाही; तोंडातील पांढरा वा लाल चट्टाही पुष्कळदा दुखत नाही. तीन आठवड्यांत न भरणारे तोंडातील व्रण, शरीरसंबंधानंतर किंवा पाळी कायमची थांबल्यानंतर होणारा रक्तस्राव, स्तनाच्या आकारात वा त्वचेत झालेला बदल ही कारणे डॉक्टरांकडे जाण्यास पुरेशी आहेत. ज्यांना यांपैकी काही जाणवते त्यांनी पूर्वतपासणीच्या शिबिराची वाट पाहू नये; त्यांना निदानाचीच गरज असते.

उलट शासनाची आणि आरोग्यसेवेची जबाबदारी चाचणी झाली म्हणजे संपत नाही. संशय आला त्या स्त्रीला पुढील तपासणीचे ठिकाण सांगणे, तिला तेथपर्यंत पोहोचविणे, उपचार पूर्ण होईपर्यंत तिचा माग ठेवणे, ही साखळी अखंड राहिली तरच पहिल्या दिवशीच्या त्या एका मिनिटाच्या तपासणीला अर्थ येतो. एक कडी निसटली, तर त्या स्त्रीच्या पदरी केवळ भय पडते. म्हणून ज्या गावात तपासणीचे शिबिर भरते, त्या गावाने विचारण्याजोगा प्रश्न एकच आहे: येथे दोष आढळला, तर उद्या कोठे जावयाचे?