धुरीची मासळी

अन्न टिकवून ठेवण्यासाठी मनुष्याने ज्या अनेक युक्त्या शोधून काढल्या, त्यांत मासळी टिकविण्याची युक्ती फार प्राचीन आहे. आपल्या कोकणपट्टीत हे काम मुख्यत्वेकरून ऊन करते. वसई, वर्सोवा, सातपाटी इत्यादी ठिकाणी बांबूंच्या वलांडीवर ओळीने वाळत घातलेले बोंबील आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी पाहिले असतील. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या म्हणजे हेच सुके बोंबील, सुकट आणि सोडे घरोघरी उपयोगी पडतात. परंतु ज्या देशांत आकाश बहुधा ढगाळ असते व हवा थंड आणि दमट असते, तेथील कोळ्याने काय करावे? त्याने उन्हाच्या जागी धुराची योजना केली. अशा रीतीने तयार होणारी धुरीची मासळी ही काय वस्तू आहे, तिच्यात पोषण किती आहे, ती कशी शिजवितात, आणि ती खाताना कोणती सावधगिरी बाळगली पाहिजे, याचा थोडक्यात विचार आम्ही येथे करणार आहोत. वाचकांनी आरंभापासून एक गोष्ट ध्यानात ठेवावी : मासळीस वास व रंग धूर देतो; परंतु ती टिकते ती केवळ धुराने नव्हे.

प्रथम मासळी इतक्या लवकर का नासते ते पाहू. माशाच्या अंगात पाण्याचा अंश पुष्कळ असतो आणि त्याचे मांस मऊ असते. मासा मेल्यावर त्याच्या शरीरातीलच पाचक द्रव्ये ते मांस विरघळवू लागतात. त्वचेवरील, कल्ल्यांतील व आतड्यांतील सूक्ष्म जंतू झपाट्याने वाढतात. आणि तेलकट माशातील तेल हवेच्या संसर्गाने खवट होते. या तिन्ही शत्रूंस आवर घालावयाचा तर चार साधने आहेत : मीठ, उष्णता, शुष्कता आणि थंडी. मीठ मांसातील पाणी ओढून घेते, उष्णता जंतूंस मारते, शुष्कता त्यांस जगण्यापुरते पाणी मिळू देत नाही, आणि थंडी त्यांची वाढ मंद करते.

मग धूर काय करतो? लाकूड मंदपणे जळताना त्यातून फिनॉल, फॉर्माल्डिहाइड, काही आम्ले आणि इतर अनेक द्रव्ये बाहेर पडतात व ती माशाच्या ओलसर पृष्ठभागावर बसतात. त्यांपैकी काही जंतूंची वाढ रोखतात. फिनॉलच्या जातीची द्रव्ये तेलास खवट होऊ देत नाहीत. आणि इतर काही द्रव्यांचा मांसातील प्रथिनांशी संयोग होऊन तो सोनेरी-तांबूस रंग येतो. धुराचे हे उपकार लहान नव्हेत. तथापि ही सर्व क्रिया बहुतांशी पृष्ठभागावरच घडते. आतील मांसाचे रक्षण मीठ, उष्णता किंवा शुष्कता यांनीच केले पाहिजे.

धुरी देण्याचे मुख्य प्रकार दोन आहेत. पहिला थंड धुरीचा. यात धुराची उष्णता सामान्यतः ३० अंश सेंटिग्रेडच्या खाली ठेवितात, म्हणून मासा शिजत नाही. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील क्रास्टर हे गाव अशा धुरी दिलेल्या हेरिंग माशांसाठी प्रसिद्ध आहे. हेरिंग पाठीकडून चिरून उघडतात, साफ करून मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवितात, आणि मग उंच धूरघरात आकड्यांवर टांगून खाली ओक लाकडाच्या भुश्याचा धूर रात्रभर करितात. अशा माशास तेथे किपर म्हणतात. दुसरा प्रकार उष्ण धुरीचा. स्कॉटलंडमधील आर्ब्रोथ या बंदरी हॅडक माशांच्या जोड्या शेपटांशी बांधून काठीवर टांगतात व कठीण लाकडाच्या विस्तवावर ठेवून वरून ओल्या गोणपाटाने झाकतात. तेथे मासा धुरावतो आणि त्याबरोबर पूर्ण शिजतोही. या आर्ब्रोथ स्मोकीच्या नावास २००४ साली युरोपीय संघाने कायद्याचे संरक्षण दिले. त्या परिसराबाहेर तयार केलेल्या मालास ते नाव लावता येत नाही.

आता वर सांगितलेल्या मुद्द्याचा पुरावा पाहा. पूर्वी इंग्लंडातील यार्मथ बंदरातून रेड हेरिंग नावाचा माल दूरदूरच्या देशांस जात असे. त्यात मासा अखंड ठेवून त्यास भरपूर मीठ मुरवीत आणि अनेक दिवस धुरी देऊन कडक करीत. असा मासा कित्येक महिने टिके. पुढे आगगाडी व बर्फ यांची सोय झाली, माल एका दिवसात शहरांत पोहोचू लागला, आणि लोकांस कमी खारट, मऊ किपर अधिक आवडू लागला. मासा तोच, धूरही तोच. पण मीठ आणि शुष्कता कमी होताच तो महिन्यांऐवजी काही दिवसच टिकू लागला. धुराच्या अंगीच टिकविण्याची सर्व शक्ती असती तर असे घडले नसते.

आपल्या देशातही या विद्येचा एक उत्तम नमुना आहे. लक्षद्वीपातील मिनिकॉय बेटावर मासमीन नावाचा पदार्थ होतो. ट्यूना, ज्याच्या जातीस आपल्याकडे कुपा म्हणतात, तो गळाने पकडून त्याचे लांब तुकडे करितात, ते खाऱ्या पाण्यात उकळतात, नंतर धुरी देतात आणि शेवटी उन्हात खडखडीत वाळवितात. येथे मीठ, उष्णता, धूर आणि ऊन ही चारही एकामागून एक कामास लागतात. म्हणून तो तुकडा लाकडासारखा कठीण होतो व पुष्कळ महिने टिकतो. शेजारच्या मालदीव बेटांतही हीच पद्धत आहे. चौदाव्या शतकात तेथे काही काळ राहिलेला प्रवासी इब्न बतूता याने या माशाचे तुकडे शिजवून, ताडाच्या पानांच्या टोपल्यांत घालून धुरात टांगीत, आणि तेथून तो हिंदुस्थान, चीन व येमेन येथे जाई, असे नमूद करून ठेविले आहे. बर्फ आणि आगबोटी नसताना असला माल समुद्रापलीकडे जाऊ शके, यातच त्याची योग्यता दिसून येते.

आता पोषणाविषयी. धुरी दिल्याने माशातील प्रथिनांची विशेष हानी होत नाही. उलट पाणी कमी झाल्याने तितक्याच वजनात त्यांचे प्रमाण वाढते. १०० ग्रॅम किपरमध्ये सुमारे २५ ग्रॅम प्रथिने व १२ ग्रॅम स्निग्धांश असतो. धुरी दिलेल्या हॅडकमध्ये प्रथिने जवळजवळ तितकीच, पण स्निग्धांश अवघा १ ग्रॅम असतो. हेरिंगचे तेल ओमेगा-३ जातीचे असून हृदयास हितकर समजले जाते. त्याखेरीज या माशात ब-१२ आणि ड ही जीवनसत्त्वे असतात. पहिले रक्ताच्या व मज्जातंतूंच्या आरोग्यास अवश्य असते, आणि दुसरे मुलांच्या हाडांच्या वाढीस. मात्र क जीवनसत्त्व व चोथा ही माशातून मिळावयाची नाहीत. यास्तव त्याबरोबर पालेभाजी, कोशिंबीर किंवा फळ अवश्य असावे.

या गुणांबरोबर एक मोठा दोष येतो, तो मिठाचा. वर सांगितलेल्या १०० ग्रॅम किपरमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ मनुष्याने दिवसभरात २००० मिलिग्रॅमपेक्षा, म्हणजे ५ ग्रॅम मिठापेक्षा, अधिक सोडियम घेऊ नये. अर्थात एका तुकड्यातच दिवसाचा जवळजवळ अर्धा वाटा संपतो. रक्तदाबाच्या विकाराने पीडित असलेल्यांनी याचा विशेष विचार करावा. हा हिशेब आपल्या खाऱ्या सुक्या मासळीसही लागू आहे.

पाकशास्त्रात या मासळीचा उपयोग कसा करितात, हे पाहिले तर निरनिराळ्या देशांच्या गृहिणी एकाच निर्णयावर आलेल्या दिसतात. धुरीचा मासा स्वतःच मीठ व मसाला आहे असे समजून त्या त्यास सौम्य पदार्थांची जोड देतात. स्कॉटलंडमधील कलन गावचे कलन स्किंक नावाचे सार धुरी दिलेला हॅडक, बटाटे, कांदा व दूध यांचे असते. किपरवर उकळते पाणी ओतून काही मिनिटे झाकून ठेवितात. त्याने तो गरम होतो आणि त्याचा खारटपणाही थोडा उतरतो. श्रीलंकेत मालदीवी माशाचा चुरा खवलेल्या नारळात मिरची व लिंबाच्या रसाबरोबर मिसळून चटणी करितात. जपानात याच जातीचा मासा उकळून, धुरावून व वाळवून इतका कठीण करितात की तो रंध्याने तासावा लागतो. त्याचे पापुद्रे गरम पाण्यात टाकून रोजच्या कालवणांचा रस काढितात. आणि आमच्या वाचकांस मौज वाटेल अशी गोष्ट ही की, विलायतेतील केजरी नावाचा न्याहारीचा पदार्थ मूळचा आपली खिचडी होय. हिंदुस्थानात राहिलेल्या इंग्रजांनी ती मायदेशी नेली. तेथे डाळ मागे पडून भातात धुरी दिलेला हॅडक व उकडलेली अंडी आली. आपल्याकडे मूठभर सुकट कांद्याबरोबर परतून घरातील सर्वांची भाकरी रुचकर होते, त्यातही तोच सुज्ञपणा आहे.

आता सावधगिरीचा भाग. हा पालकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. १९६३ साली अमेरिकेत तेथील मोठ्या सरोवरांतील धुरी दिलेले मासे हवाबंद वेष्टनांतून विकले गेले आणि ते खाऊन काही माणसे मृत्युमुखी पडली. बॉट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजकण सौम्य धुरीने मरत नाहीत. हवा नसलेल्या वेष्टनात, पुरेशी थंडी नसेल तर, ते वाढून भयंकर विष उत्पन्न करितात. अशा माशाचा वास व रूप पुष्कळदा चांगल्या माशासारखेच असते, म्हणून नाकावर विसंबून चालत नाही. दुसरा लिस्टेरिया नावाचा जंतू तर शीतपेटीतही वाढतो. ब्रिटनच्या अन्न-मानक खात्याने २०२२ साली असा सल्ला दिला की, गर्भवती स्त्रियांनी थंड धुरीचा मासा पूर्ण शिजविल्यावाचून खाऊ नये. हल्ली शहरांतील मोठ्या दुकानांत पातळ कापांचा धुरी दिलेला सॅमन मिळतो. तो बहुधा थंड धुरीचाच असतो. तो शीतपेटीत ठेवावा, वेष्टनावरील मुदत पाळावी, आणि घरातील वृद्ध, अशक्त व गर्भवती यांस वाफ येईपर्यंत गरम करूनच द्यावा.

खुद्द धुरासही एक दोष आहे. लाकूड फार तापून जळाले किंवा माशाचे तेल निखाऱ्यांवर ठिबकले म्हणजे धुरात बेंझोपायरीनसारखी द्रव्ये वाढतात, आणि बेंझोपायरीन हे कर्करोगास कारण होते असे ठरले आहे. युरोपीय संघाने २०१४ पासून धुरी दिलेल्या माशात त्याचे प्रमाण किलोस २ मायक्रोग्रॅमच्या वर असू नये असा नियम केला. हा दोष खाणाऱ्यापुरताच नाही. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मासे धुरावण्याचे काम मुख्यतः स्त्रिया करितात. त्यांची पोरेबाळे त्या मिळकतीवर वाढतात, आणि त्याच भट्टीचा धूर त्यांच्या डोळ्यांत व छातीत जातो. घानातील चोरकोर या कोळीवस्तीत सन १९७० च्या सुमारास त्या स्त्रियांच्या सहकार्याने सुधारलेली भट्टी निघाली. तीत एकावर एक ताटे रचता येत असल्यामुळे सरपण व श्रम यांची बचत झाली. पुढे सेनेगलमधील थियारॉय येथील शिक्षणसंस्थेत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या साहाय्याने आणखी एक भट्टी तयार झाली. तीत तेल निखाऱ्यांवर पडू न देता वेगळे गोळा होते, म्हणून मासा अधिक निर्दोष होतो आणि भट्टीजवळ बसणारीस धूरही कमी लागतो. शास्त्राचे ज्ञान गरिबाच्या चुलीपर्यंत पोहोचले म्हणजे केवढे हित होते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

एकंदरीत धुरीची मासळी हे उत्तम, पौष्टिक व रुचकर अन्न आहे. पण ते थोडे खावे, सौम्य अन्नाबरोबर खावे आणि त्यात वरून मीठ घालू नये. आमच्या विद्यार्थ्यांस आमची एवढीच सूचना आहे की, घरात लोणचे, पापड, सुके बोंबील, मुरांबा असा टिकाऊ पदार्थ दिसला की, याचे रक्षण नेमके कोण करीत आहे, मीठ, साखर, तेल, आंबटपणा, उष्णता, शुष्कता की थंडी, असा प्रश्न विचारावा. ज्या घरात या प्रश्नाचे खरे उत्तर ठाऊक आहे, त्या घरातील अन्न वाया जाण्याचा आणि मुले आजारी पडण्याचा संभव पुष्कळ कमी होतो. नुसत्या खमंग वासावर भरवसा ठेवणारा मात्र केव्हा तरी फसावयाचाच.